बिनविषारी इंधन

विष नाय ओ मामा, तेच तर सांगतेय! उलटं ऐकलंय तुमच्या ताईंनी. "असल्या मुलीच्या हातचा चहा आमच्या गोकुळनं प्यायचा कसा?" – म्हणाल्या ना? म्हणू देत, मुलाची आई आहे, लग्न ठरवताना विचारणारच. पण आमची मंजुषा विष भरत नाय, विष काढते! बंगळूरला ती उपग्रहाचं इंधन निवडते – म्हणजे वर गेल्यावर त्याला इकडंतिकडं सरकवायचं, तर त्याच्या पोटात काय भरायचं, ते. आजवरचं इंधन जहाल, वाफ छातीत गेली की माणूस आडवा. म्हणून भरणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत रबरी पोशाख. आमची म्हणाली, विषच नको, दुसरं शोधू. शोधलं – पण ते निघालं हट्टी. गार असलं की पेटतच नाय! थंड तव्यावर भाकरी टाकतो का आपण? तसंच, इंजिन आतून आधी तापवायचं, मग इंधन सोडायचं. साहेब म्हणाले, "बाई, जुनं बरं, लगेच पेटतं. तुमच्या तव्याला वर वीज कोण देणार?" पहिल्या चाचणीला नुसतं फुस्स – सगळे हसले. इथं एसटीडी बूथवर तिचा फोन, मी पिठाच्या हातानं धावले, तर नुसती रडते. म्हटलं, ये जव्हारला, शिक्षिका हो. तर म्हणते, "आई, रूपेश त्या पोशाखात घुसमटून पडला ना, तेव्हा मी काचेबाहेर होते. वरचं विष धुतल्याशिवाय पोशाख काढता येईना. परत नाही बघवणार मला तसं." – मग काय, तापवायची रीत बदलली, पुन्हा लावलं, आणि पेटलं की ओ! पेढे साहेबांनीच आणले. आता छोट्या उपग्रहात हेच भरणार.

कोण रूपेश? अहो, तो इंधन भरणारा. आता ठणठणीत आहे. दवाखान्यात डबा हीच न्यायची ना – इथं कधी कुकर लावला नाय तिनं! दिवाळीत आला होता आमच्याकडं. नाशिकला चाललो होतो, वाटेत उतरलो, म्हणे – बंगळूरहून नाशिकला जाताना जव्हार कुठं वाटेत येतं ओ? मग हिनं शिरपामाळची टेकडी दाखवायला नेलं त्याला, दोघंच, आणि आली ती गाणं गुणगुणत – म्हणजे, यांचे गुडघे दुखत होते म्हणून दोघंच...

अगं बाई.

नाय, काय नाय. तुम्ही चहा – राहू दे, निवला तो. उठा मामा, खोडाळ्याची एसटी सुटेल. ताईंना सांगा, आम्ही विचार करून – नाय, विचार कसला त्यात. नाय म्हणूनच सांगा. आणि जाताना फाटक तेवढं ओढून घ्या, शेळ्या शिरतात.