जावयानं सुधारून दिलेला गेम

वसमतला माझं कापडाचं दुकान, तिथं व्हिडिओ गेम कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, लग्नाच्या बस्त्याला बायका साड्या बघून राहिल्या की पुरुष तासाभरात ओरडतात, "चला की, काहून एवढा टाइम लावता?" निम्मा बस्ता तिथंच मोडतो. म्हणून टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेतलं. हौशी लोकांनी बनवून इंटरनेटवर फुकट वाटलेला, व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम त्यात टाकला. मशीनची कंपनी तो टाकू देत न्हाई; सायबर कॅफेत बसून युक्ती शिकलो. मग जत्रेतल्या कुस्त्या लावल्या की पुरुष हलायचे न्हाईत.

लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला पुण्याचे जावई आले. त्यांनी सोबत आणलेली गेमची सीडी दुकानातल्या मशीनमध्ये घातली आणि हसत मला म्हणाले, "मामा, कंपनीचा नवा प्रोग्राम टाकू का, असं विचारत होतं. मी टाकून दिला."

"आणि माझा?"

"तो कंपनीचा नव्हता ना! तो उडाला. आता एकदम ओरिजिनल झालं बघा."

आता नव्या प्रोग्रामपुढं जुनी युक्तीही चालेना! तुळशीचं लग्न लागलं की बस्ते सुरू, आणि हे हसून राहिले! मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं मागून सदरा ओढला, "अहो, जावई हायेत!"

"बराबर केलं, पाहुणे," मी म्हणालो.

जावई खुलले. "मामा, तुमचा हिशोबाचा कॉम्प्युटरही लई स्लो वाटतोय."

मी खुर्ची ओढून त्या कॉम्प्युटरपुढं बसलो, ते पुण्याची गाडी सुटेपर्यंत उठलो न्हाई. आहेरसुद्धा बसल्या जागेवरून दिला.