शेवटाला रडवणारी कादंबरी

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडत होतं.

“वहिनी, तुम्ही दिलेली ती नवी कादंबरी वाचून झाली.”

“सांगितलं नव्हतं? शेवटाला मी किती रडले.”

“हो ना. पण निम्म्यापासून पुढची पानं छापखान्यातूनच एकमेकांना जोडलेली आली होती. मी सुरीनं कापली.”

“अगं, मी फटीतून डोकावून वाचली.”

“रडत रडत?”

“तुझ्या दादाला सांगू नकोस हं.”

“नाही सांगत. वाचा आता नीट, आणलीय मी.”

“थांब. हीच प्रत माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे फिरून आलीय.”

“मग?”

“त्याही शेवटाला रडल्या.”

हसू दाबत शिंपीणबाईंनी गाल आणखी घट्ट धरला.