आणखी थोडा मोठा आ

पाय हलतोय तुमचा काका — दुखतंय म्हणून की गाण्यावर? गाण्यावर ना, वाटलंच मला. दुखणाऱ्याचा पाय आखडतो, तुमचा ताल धरतोय. धरू द्या, पण कमरेच्या खाली काय ते, मान सध्या माझी आहे. मोठा आ करा. आणखी थोडा मोठा. जीभ आत. शाबास. ओठ जड झालाय ना? मग आता काही कळणार नाही. तर काय सांगत होते — हे जे लागलंय ना, म्हणजे गाणं तरी कसं म्हणायचं, शब्द नाहीत, सूर म्हणावा तर तोही लपतछपत येतो, बाकी नुसतं धप धप धप — हे माझ्या मुलीनं केलंय. डीजे आहे ती. लग्नात कानठळ्या बसवतात तसला डीजे नाही हो, ती स्वतः बनवते, कुठून कुठून आवाज गोळा करून आणते आणि कॉम्प्युटरवर शिवणकाम केल्यासारखी जोडत बसते. नाव काय घेतलंय माहितीये? अक्कलदाढ. दातांच्या डॉक्टरणीची मुलगी, नाव अक्कलदाढ. तुम्ही भुवया वर केल्यात, दिसलं मला. आमच्याकडे माणसं भुवयांनीच बोलतात, तोंड आमच्या ताब्यात असतं ना.

मला काय, मला त्यातलं काही कळत नाही, मी लक्षही देत नाही. आपलं लागलेलं असतं. हा आता ढोल थांबेल बघा, आणि मग चिमण्यांसारखं काहीतरी — बघा, आलं. नाही हो, पाठ कशाला असेल, दिवसभर कानावर पडतं म्हणून. थुंका. हं, परत टेका. ती पलीकडची खुर्ची बघा, निळी — मान नको, नुसते डोळे फिरवा. ती तिच्यासाठी घेतली होती. परीक्षेत मार्क चांगले पडले, म्हटलं आता दातांचं कॉलेज, मग इकडे मी, तिकडे ती, मध्ये हे हात धुवायचं भांडं, आणि पाटीवर दोन नावं. उत्साह बघा माझा, मुलगी कॉलेजात जायच्या आधी खुर्ची दवाखान्यात. लहानपणी फार नाद होता हो तिला — माझा आरसा घेऊन बाहुल्यांचे दात बघायची, बाहुल्यांना दात नसतात तर पेनानं काढायची. मग मी धरून चालले. आणि एके दिवशी ती म्हणते, आई, मला एक वर्ष दे, नाही जमलं तर निमूट कॉलेजात जाईन. दिलं वर्ष. दिलं म्हणजे तिच्या बाबांनी दिलं, मी नुसती मान हलवली, तीही नाही म्हणायला, पण बापलेकीनं हो समजून घेतलं.

मग काय, तिच्या खोलीत पाऊल ठेवायची सोय राहिली नाही. वायरींचं जंजाळ, भिंतीला गाद्या लावलेल्या, दोन थाळ्यांचं ते यंत्र, आणि कानाला हेडफोन लावून ही. हाक मारली तर ढिम्म. एका सायकलच्या दुकानात वाजवलं, कोणी आलं नाही, दुकानदार मात्र खूश. एका व्यायामशाळेत वाजवलं, तिथली माणसं म्हणाली, बाई जरा हळू, आम्हाला जोर मोजता येईना. घरी येऊन हसत सांगायची, पण जेवताना अर्धी पोळी ताटात तशीच. आईला कळतं ते. आणि त्यात तिचं ते रेकॉर्डिंगचं यंत्र, साबणाच्या डबीएवढं, लाल दिवा लुकलुकत असतो त्याचा. कुठेही ठेवायची. मिक्सरपाशी, लिफ्टच्या दारापाशी, माझ्या ड्रिलला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी. हा ड्रिल आहे ना माझा, थांबा जरा, आ मिटू नका — हा ऐका — याला ती म्हणते, आई, तुझं मशीन सुरात रडतं गं. मी बजावून ठेवलंय, पेशंट असताना ते यंत्र इथं दिसता कामा नये, माणूस इथं घाबरलेला असतो, त्याचं आं-ऊंसुद्धा त्याच्या मालकीचं. ते ऐकते हो ती. सकाळी रिकाम्या खोलीतच करते काय ते, पेशंट यायच्या आत उचलून नेते.

तर वर्ष संपत आलं आणि ती म्हणाली, शनिवारी दुपारी एका जुन्या गोदामात मोठा कार्यक्रम आहे. लोक नाचले तर हेच करणार, नाही नाचले तर सोमवारी कॉलेजात जाऊन प्रवेश घेणार, विषय संपला. आणि आई, तू यायचं नाहीस. का गं? तर म्हणे तू बघायला लागलीस की माझे हात थरथरतात. बरं बाई. आता एवढं सांगितल्यावर कोण जाईल? गेले मी. मुद्दाम नाही हो, जाता जाता रस्त्यातच — रस्त्यात कसलं, दोन बस बदलल्या. तुमच्यापाशी काय लपवायचं, तुम्ही थोडेच बोलणार आहात. शेवटचा पेशंट उरकला आणि तशीच पळाले, अंगावर हाच पांढरा कोट, कानात इथलेच कापसाचे बोळे. तुमच्या गालात आत्ता आहेत ना, तेच. नवे घेतले होते, असं बघू नका. आत गेले तर भर दुपारी मिट्ट काळोख, खिडक्यांना काळे पडदे आणि वर जांभळ्या नळ्या. मी आपली एका खांबामागे. म्हटलं, कोणाला दिसायची नाही.

आणि काका, पोरं उभीच. दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून, खिशात हात, हातात फोन. मधली सगळी जागा रिकामी आणि पलीकडे टेबलामागे ही, एवढीशी. वाजवतेय आपली जीव तोडून, मान हलवतेय, आणि समोर कोणी नाही. खांबामागे उभी राहून मी मनात काय म्हटलं सांगू? — थुंका आधी. — मी म्हटलं, देवा, आज कोणी नाचू नये. असं म्हटलं मी. पोटच्या पोरीसाठी. ही खुर्ची दिसत होती मला, दुसरं काही दिसत नव्हतं. एक मुलगा जागचा जरा हलायला लागला तर मला त्याचा राग आला. कोणाला बोलले नाही हे मी, तिच्या बाबांनासुद्धा नाही. तुमचं तोंड बधिर आहे म्हणून सांगितलं.

मग ती चुकली. कसं असतं सांगते — लोक एक गाणं ऐकत असतात, आणि ही हेडफोनमध्ये पुढचं ऐकत असते, जुळतंय का बघायला. दोघांचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या वेगळ्या, इकडची वर, तिकडची खाली. हिनं भलतीच पट्टी वर सरकवली. गाणं बंद, आणि जे फक्त हिच्या कानात वाजायचं ते सगळ्या गोदामात, छताएवढं मोठं — माझा कॉम्प्रेसर, धप धप, ती थुंकी ओढणारी नळी, सुर्र सुर्र, आणि त्यावर माझा आवाज. मोठा आ करा. आणखी थोडा मोठा. घरी कधीतरी माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं तिनं, लोकांना ऐकवायचं नव्हतंच, स्वतःपुरतं ठेवलं होतं. पोरं हसली. सगळी एकदम. आणि हिचे हात काका, टेबलाच्या वर नुसते अधांतरी, आणि थरथरत होते. एवढ्या लांबून दिसले मला. तिथून माझा आवाज परत म्हणाला, मोठा आ करा. आणि मी केला. मला विचारू नका का. क्षणापूर्वी मीच म्हणत होते ना कोणी नाचू नये म्हणून, आणि खांबामागून बाहेर येऊन, पर्स पोटाशी धरून, मी घसा फाडून ओरडले, आ—

हळू, हळू, हसू नका, सिमेंट ओलं आहे. शेजारच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिनंही आ केला. मग तिच्या मैत्रिणींनी. मग अख्खं गोदाम. आणि त्या जांभळ्या उजेडात खरा दात असा चमकतो ना, आणि जुनी कॅप बसवलेली असली की तिथं काळं भोक. मला सगळ्यांच्या कॅपा दिसल्या. एवढी तोंडं एकदम उघडी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि एकाचं काम धड नाही. एकाला सांगितलंसुद्धा मी, बाळा, वरची डावी बाजू दाखवून घे. आणि तेवढ्यात हिनं ओळखलं काय करायचं ते. तो आ तसाच ठेवला, आ, आ, आ, त्याखाली माझा कॉम्प्रेसर, आणि मग वरून जो ढोल सोडला — मधली जागा भरली हो काका. एका दमात भरली. मीही होते त्यात. गुडघे दोन दिवस बोलत होते. रडले पण, नाचता नाचता, आणि कोणाला त्याचं काही नव्हतं, हे मला फार आवडलं.

नंतर घामाघूम होऊन आली माझ्यापाशी. म्हणते, आई, कापूस काढ कानातला. मी म्हटलं, तुला कळलं मी आहे ते? तर म्हणे, आल्यापासून दिसत होतीस, खांबामागे ट्यूबलाइट उभी करावी तसा तुझा कोट पेटला होता, आणि समोरचा एक दात गायब. कॅप आहे हो माझीही, हे बघा, हा. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते. मी विचारलं, मग हात थरथरले का गं? तर म्हणते, थरथरले ना, म्हणून तर भलती पट्टी वर गेली. घ्या आता.

चावून बघा जरा. उंच वाटतंय? थोडं घासते. आणि ऐका गंमत, सोमवारी सकाळी ही आंघोळ करून, केस बांधून, कॉलेजची फाइल घेऊन दारात उभी. म्हटलं हे काय? लोक नाचले ना? तर म्हणे, ते तुझ्यामुळे, आणि एकदाच. आणि आई, ती अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नवी खुर्ची मला बघवत नाही. बघा म्हणजे, जिंकलेली पोरगी खुर्चीसाठी चालली होती. मी म्हटलं, अगं वेडे, तुला सांगायचं राहिलं, खुर्चीचं झालं काम, एक नवीन डॉक्टर मिळालीये, हाताची हलकी, लवकरच यायला लागेल. अशी काही बिलगली मला. लहानपणी बिलगायची तशी. फाइल तिथंच खाली पडली, अजून चपलांच्या शेजारीच आहे. मग मी इथं येऊन खुर्चीचं प्लास्टिक फाडलं. डॉक्टर? कुठली डॉक्टर हो, कोणी नाही. दुपारी पेशंट नसले की मीच आडवी होते तिच्यावर, चार चुण्या पडाव्यात, वापरातली दिसावी म्हणून. झोप छान लागते, तेवढा फायदा झाला. आवाज मात्र तिचाच असतो खोलीत, तेव्हा म्हणायला दोघी आहोतच की. तुम्ही कोणाला बोलू नका हे. तिला तर मुळीच नाही, दुपारी डबा द्यायला येते ती.

झालं. हातमोजे बदलते आणि तुम्हाला मोकळं करते. मावशी, बाहेर पेशंट बसवून झाले असतील तर आत या, तो मोज्यांचा खोका इकडे — राहू द्या, मीच — 

हे इथं काय करतंय?

लाल दिवा चालू आहे. सकाळी उचलायचं विसरली, मोज्यांच्या मागे. म्हणजे काका, तुम्ही आलात तेव्हापासून — तुमचं आं-ऊं, आणि माझं ते गोदामातलं, देवाला म्हटलेलं, आणि डॉक्टरचंही.

नाही नाही, तुमचं पुसायला लावीन, शब्द देते. बंद करायचं बटण मला येतं हो. हे इथलं. माझं पण पुसता येईल.

राहू दे. हे यंत्र लावून ऐकतेस ना गं? ऐकलंस ते खरं आहे सगळं. खुर्ची रिकामी आहे. तरी तिच्यासाठी तू यायचं नाहीस.

चूळ भरा काका. ओठ जागा होईपर्यंत काही खाऊ नका आणि बोलू तर मुळीच नका. पाय सांभाळून उतरा, अजून हलतोय तुमचा. मावशी, पुढचे कोण आहेत?