काचेच्या बाटलीतले पाणी

आदरणीय अध्यक्ष डॉ. कोस्टिनियुक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे डॉ. हाउसमन आणि विनिपेगच्या थंडीत इथवर आलेल्या सहकाऱ्यांनो,

मी व्हर्ना फ्रीसन. सरांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे द्रावणे केली. सरांच्या गुणांवर पुष्कळ बोलून झाले. मी पेशीबद्दल बोलते.

पेशीच्या पोटात कॅल्शियमचा छोटा साठा असतो. तो रिता झाला, की आतले एक प्रथिन भिंतीपाशी जाऊन तिथल्या दुसऱ्या प्रथिनाला दार उघडायला लावते. बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि कॅल्शियम लागताच चमकणारा रंग घातलेली पेशी उजळते. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. त्या काळी ते आमच्या विद्यार्थिनीच्या, ॲनिक पेल्टिएच्या वहीत होते.

पडताळा सोपा होता. पेशीभोवतीच्या पाण्यात कॅल्शियमच नसेल, तर दार उघडूनही पेशी अंधारी राहायला हवी. सरांनी प्रयोग पुन्हा केला. पेशी उजळल्या.

सर म्हणाले, "ॲनिक, तुझं दार तुझ्या वहीतच आहे."

"सर, एकदा पाणी तपासा ना."

"पाणी व्हर्नानं केलंय. व्हर्ना चुकत नाही."

मी बेसिनपाशी होते. ते ऐकून मला बरे वाटले. का वाटू नये? सर कौतुक क्वचितच करत.

दोन दिवसांनी त्या पाण्याच्या बाटल्या धुताना पाहिले, तर त्या काचेच्या. काचेतून कॅल्शियम पाण्यात उतरते, म्हणून आमच्याकडे ते पाणी प्लास्टिकमध्येच ठेवायचे. त्या आठवड्यात प्लास्टिकच्या बाटल्या कमी पडल्या होत्या आणि मी हाताला येतील त्या भरल्या होत्या. प्रथिनांनी आपले काम चोख केले होते. ॲनिकने अजून टेबल आवरले नव्हते. मी बाटल्या विसळल्या, पालथ्या घातल्या आणि गप्प बसले.

ती संशोधन सोडून गेली. चार वर्षांनी तेच दार दुसऱ्यांनी दाखवले. त्या दिवशी सर जेवले नाहीत. तेव्हाही मी बोलले नाही.

सर, तुम्हाला हे आज, सर्वांसमोर कळते आहे. ॲनिक थंडर बे शहरातल्या शाळेत शिकवते. तिला माझे पत्र काल टाकले. तुमचेही जावे, एवढीच विनंती.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर पोटात घाला. बाटल्यांचे मात्र घालू नका. ती क्षमा या सभागृहाची नाही.