त्याच झाडाचा पाला

जनावरांच्या दवाखान्यात मार्गो वडिलांचं मांजर मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर डोरीन आणि केल्विन हे म्हातारं जोडपं टोपलीतल्या कोआलावरून भांडत होतं.

“अजून एका पानाला तोंड लावलं नाही यानं. आणि तू म्हणे ताजा पाला आणलास!”

“अगं, सापडला तो निलगिरीवर. मी त्याच जातीच्या निलगिरीचा आणला.”

“जात तीच असेल, केल्विन. पण एका झाडाच्या पानात विष कमी, शेजारच्याच्या पानात जास्त. नुसत्या वासावरून कळतं त्याला. समोर येईल ते गिळायला तो काय तुझ्यासारखा आहे?”

“मग काय करू?”

“ज्या झाडावर सापडला, त्याचाच पाला आण. नाहीतर उपाशी मरेल बिचारा.”

“ते बाल्फरच्या कुंपणातलं. म्हातारा कुणाला फांदीला हात लावू देत नसे.”

“तो गेला ना आता?”

“म्हणूनच तर. लेक आलीय त्याची. थडग्यावरची माती ओली असताना करवत घेऊन तिच्या दारात उभा राहू?”

मार्गो मागे वळली.

“शिडी शेडमध्ये आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्या पायरीवर तेवढा पाय देऊ नका. बाबा दुरुस्त करणार होते.”