मोडीत काढलेला कॅमेरा

जबाब : गोदावरी कोम गंगाधर कुंभेजकर, वय ४६, धंदा फोटो काढणे, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. तारीख १४ फेब्रुवारी १९३३.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, धंद्याच्या जागी आधी 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. सागवानी पेटीचा, पितळी भिंगाचा हा कॅमेरा त्यांनी १९०८ साली घेतला व मृत्युपत्रात माझ्या नावे केला. तेव्हापासून फोटो मी काढते. माझे पोट त्यावर आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता दीर शरच्चंद्र यांनी तो माझ्या हातून ओढून नेला. काल तो त्यांच्याच घरी सापडला. त्यांचे म्हणणे, कॅमेरा दहा वर्षे बंद आहे, मीच दिवाळीत मोडीत घालायला दिला आणि रविवारी ते आमच्याकडे फिरकलेच नाहीत. फौजदारसाहेबांनीही मला विचारले की, पंचवीस वर्षांची वस्तू ती, चालणार किती? पेटी आणि भिंग यांच्यामधल्या घड्यांच्या भात्याला छत्रीच्या कापडाची दोन ठिगळे आहेत हे खरे. ठिगळ लावले म्हणून धोतर कोणी फेकत नाही. भिंग स्वच्छ आहे आणि मला काम येते.

रविवारी अंगणात शेजारच्या सारजाबाईंचा फोटो चालू होता. भिंगाचे झाकण काढून चार आकडे मोजावे लागतात. आकडे सुरू झाले की घरात जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचे, हे यजमानांनी सर्वांना लावलेले वळण. मी झाकण काढले आणि सारजाबाईंच्या पाठीमागे आमच्या दारात दीर आले. मी मोजत राहिले. झाकण लावल्यावर ते म्हणाले, "वहिनी, हा खोका आता पुरे." त्यांनी कॅमेरा ओढून नेला, तेव्हा जिच्यावर फोटो उमटतो ती काच आतच राहिली.

ती काच आज हवालदारांसमक्ष मी धुतली. सारजाबाईंच्या नथीतले मोती मोजता येतात. मागे दीर आहेत, एक पाय उंबऱ्यात, जराही न हललेले. भांडायला आले होते, तरी भावाचे वळण त्यांना मोडता आले नाही. ते पाहून मला रडू आले, पण तक्रार मागे घेणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती, ती नको. बोटे काच धुण्याच्या औषधाने आधीच काळी आहेत, आणि मला सही येते.

गोदावरी गंगाधर कुंभेजकर