हंटरच्या पंखावरचं नाव

रेश्मा : आण्णा, ते ब्लेड आधी खाली ठेवा.

जोतीराम : हे कुणी चिकटवलं?

रेश्मा : मी. तुम्ही अंघोळीला गेला होता तेव्हा. सांगलीत विश्रामबागेतल्या रेडियमवाल्याकडून करून आणलंय. अक्षर किती सुंदर आलंय, बघा तरी.

जोतीराम : बघतोय की. 'मालन'. हंटरच्या पंखावर कवा कुणी बायकोचं नाव लिवलेलं बघितलंस?

रेश्मा : मी हंटर विमान बघितलंय कुठं? तुम्ही एअरफोर्सात कलाईकुंड्याला विमानं दुरुस्त करत होता, तेव्हा मी इथं रहिमतपुरात पहिलीच्या वर्गात होते.

जोतीराम : मग मला इचारायचं. पंखावर गोल आस्तंय, मागं नंबर आस्तोय. नाव नसतंय.

रेश्मा : पण हे विमान नाहीच आहे. पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट आहे. हंटरसारखं दिसणारं.

जोतीराम : तू मला सांगतीस? कापडाच्या दुकानात तागा संपायची वाट बघून नळी आणली मी. नाक पांगाऱ्याच्या लाकडाचं, ते मी तासलं. पंख मी घासलं. आन् तू येऊन दोन मिनिटांत नाव चिकटवलंस.

गुंडा : आवं दाजी, पोरगी सांगतिया ते ऐका. माझ्या आक्काचं नाव हाय. शेजारणीचं लावलं न्हाई तिनं.

जोतीराम : गुंडा, तू च्या पी.

गुंडा : कुठला च्या? तुमी आदण ठिवलं आन् हिकडं आलासा. समदं आटलं. भगुलं काळं ठिक्कर पडलंय. मी गॅस बंद केला म्हणून, न्हाईतर आज रॉकेट सोडायला सांगलीला जायाची गरजच नव्हती.

रेश्मा : आण्णा, आता परत कुठं निघालात? बसा ना जरा.

जोतीराम : पॉलिश पेपर बघतो.

गुंडा : काल बी आसंच. जेवताना मधीच उठलं, म्हनं बॅटरी बघतो. भाकरी ताटातच. मी आपला दाजीच्या घरी एकटा बसून जेवतोय, पावन्यावानी.

रेश्मा : हे बघा, दुपारी चारला उड्डाणं सुरू होणार. माझ्या जयराजनं आणि त्याच्या कॉलेजच्या मुलांनी मैदानाची परवानगी काढलीय. रॉकेट उडवणारी मोटर तो तिकडंच घेऊन येणार आहे. मावशी येतायत, दोन्ही मामी येतायत. जयराज माईकवर सांगणार आहे की हे रॉकेट आईच्या स्मरणार्थ.

जोतीराम : असं कोण म्हणालं?

रेश्मा : मी म्हणाले त्याला.

जोतीराम : तिच्या स्मरणार्थ न्हाई हे.

रेश्मा : मग वर्ष होत आलं, रात्रंदिवस कशासाठी चाललंय?

जोतीराम : बसवत न्हाई म्हणून. तेरावं झालं, तुमी समदी गेलासा. मी दारात खुर्ची टाकली. बसलो, उठलो. उठून जायाचं कुठं? परत बसलो. दुसऱ्या दिवशी कात्री आन् पुठ्ठा घेतला. एवढंच. त्यात तुझी आई कुठं आली?

रेश्मा : आईला विमानाचं कौतुक होतं. वरून एखादं गेलं की भाकरी तव्यावर टाकून अंगणात यायची.

जोतीराम : रागानं बघायची ती. वीस वर्सं मी त्यांच्यापाशी ऱ्हायलो आन् ती हितं माझ्या आईबापापाशी. एकदा मला म्हणाली, तुमी त्याला पुसता, तेल घालता, रात्री झाकून ठेवता. मग माझ्याशी लगीन कशाला केलंसा?

गुंडा : आक्का म्हनायची तसं. आज असती तर म्हनली असती, आधी हे माझ्या धान्याच्या खोलीतनं भाईर काढा, गव्हाला रंगाचा वास लागतोय.

जोतीराम : व्हय. आगदी हेच म्हणाली असती.

रेश्मा : ठीक आहे, नसेल कौतुक. तरी नाव राहू दे ना. तुमचं काय जातंय? आण्णा, ब्लेड. मामा, धरा हो त्यांचा हात.

गुंडा : दाजी, सोडा ते. सोडा म्हणतो न्हवं. आता माझं ऐका. रागावलासा तरी चालंल. आक्काचं नाव आजपतूर कुठं लिवलंय, सांगा मला.

जोतीराम : म्हंजे?

गुंडा : सातबाऱ्यावर तुमचं. दारावरच्या पाटीवर तुमचं. लाइटबिल तुमचं, गॅसचं पुस्तक तुमचं. रेश्माच्या लग्नाच्या पत्रिकेत सौ. घालून तुमच्या मागं. दवाखान्यात बी कागदावर पेशंटचं नाव म्हणून नर्सनं तुमचंच लिवलं हुतं, मी भांडून बदलून घेतलं. तुमी म्हनाल गुंडा अडाणी हाय, पर माझ्या भनीचं नाव एवढं मोठं, नुसतं तिचं, मी पयल्यांदा बघितलं. सकाळी दारातनं आत आलो आन् पंखावर दिसलं. मला बरं वाटलं. तुमी ते खरवडताय.

जोतीराम : म्हणूनच नको.

गुंडा : कसं म्हणूनच?

जोतीराम : ते पडणार हाय.

रेश्मा : काय पडणार आहे?

जोतीराम : हे. हंटर. वर जाईल, घराएवढं, फार तर झाडाएवढं, आन् कोलांट्या खात खाली येईल. पॅराशूटची छत्री उघडायच्या आत जमिनीवर.

रेश्मा : परवा फोनवर तुम्ही म्हणालात की रेडी आहे.

जोतीराम : रेडी हाय. रंग झाला, काच बसली, छत्री घडी घालून आत हाय. उडायला रेडी हाय. सरळ जायाला न्हाई. मी काल गोठ्यामागं फिरवून बघितलं.

गुंडा : तेच की! त्याच्यासाठीच तर मी काल सगळी कामं टाकून धावत आलो. शेजारच्या आप्पासोचा फोन, म्हनं गुंडाभाऊ, तुमचं दाजी डोक्याभवती इमान फिरवायला लागल्यात, लौकर या. मला वाटलं, संपलं. डोकं गेलं माणसाचं.

जोतीराम : ती टेस्ट आस्ती. मोटरच्या वजनाचं लाकूड मागं घालायचं. तोल बरोबर जिथं येतोय तिथं दोरी बांधायची आन् गोफणीसारखं फिरवायचं. नाक पुढं ऱ्हायलं तर ठीक. हे शेपटाकडनं पुढं येतंय. पंख लय मोठं, शेपूट बारीक. खऱ्या विमानाला आत पायलट बसून सांभाळतोय. ह्यात कोण न्हाई.

रेश्मा : मग नाकात वजन घालायचं.

जोतीराम : सायकलच्या दुकानातलं छर्रं घालून बघितलं. पुरंना. आणखी घातलं तर मोटर उचलणार न्हाई.

रेश्मा : यावर उपाय म्हणून तर जयराजनं महिन्यापूर्वी तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा पाठवला होता. शेपटीला मोठी पाती लावायची म्हणजे मागं वारा धरेल, असं त्यानं तुम्हाला अर्धा तास फोनवर समजावलं. कुठाय तो?

जोतीराम : माळ्यावर.

रेश्मा : का नाही लावलीत?

जोतीराम : हंटरला तशी पाती नव्हती.

रेश्मा : पारदर्शक आहेत आण्णा. लांबून दिसत पण नाहीत कुणाला.

जोतीराम : मला दिसत्यात.

गुंडा : थांब पोरी. मला एक कळू दे. दाजी, हे पडणार ते तुमाला कालच कळलं?

जोतीराम : कालच्या आधीच. काल नुसतं बघितलं.

गुंडा : आन् तरी आज न्हेणार हुता? हितनं सांगलीपतूर, मांडीवर घेऊन?

जोतीराम : व्हय.

गुंडा : का पर?

जोतीराम : एकदाचं संपू दे म्हणून. पयलं मांजरानं पाडलं. दुसरं तयार झालं, तवा मला त्याचं नाक वाकडं वाटायला लागलं. नव्हतं वाकडं. मी पायाखाली घेतलं. आन् मग तिसऱ्याचा पुठ्ठा कापायला बसलो. ह्याला पायाखाली घ्यायचं होईना माझ्यानं. म्हटलं, वरनं पडून मोडू दे. माझा हात लागायला नको.

रेश्मा : आणि मोडल्यावर काय करणार होतात?

जोतीराम : ते ठरवलं न्हाई.

रेश्मा : तुम्ही घरी असं काही करत बसता आणि मला फोनवर सांगता, जेवलो, झोपलो, सगळं ठीक आहे.

जोतीराम : तू तिकडं नोकरी करतीस. तुला काय सांगायचं?

रेश्मा : आणि माणसं? तिथं शंभर माणसं उभी असतील. नाकात छर्रे भरलेलं ते लाकूड कोलांट्या खात कुणाच्या डोक्यात आलं असतं म्हणजे?

जोतीराम : जयराज दोरी बांधणार हाय. माणसं दोरीपल्याड.

रेश्मा : सरळ न जाणाऱ्या वस्तूला दोरी कळते का?

गुंडा : दाजी, मी शेतकरी माणूस. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर एक इचारतो. नोकरीत असताना, असं ठावं असून इमान सोडलं असतं का तुमी?

(जोतीराम पंखावरून अंगठा फिरवत उभा राहतो.)

जोतीराम : न्हाई.

गुंडा : बघा मग.

जोतीराम : सायेब घड्याळ दाखवायचा, तरी उड्डाणाच्या कागदावर सही करत नव्हतो.

रेश्मा : मी जयराजला फोन करते. आज राहू दे. मावशीला काहीतरी सांगू.

जोतीराम : थांब जरा.

रेश्मा : आण्णा, मी चुकले असेन. तुम्हाला न विचारता चिकटवलं. हवं तर काढा नाव, मी काही म्हणणार नाही. पण हे असं उडवायचं नाही.

जोतीराम : कोपरा उचकटलाय बघ माझ्याच्यानं. काढायचं म्हटलं तर एका ओढीत निघंल.

रेश्मा : मग?

जोतीराम : नाव नसतं तर गेलो असतो तसाच. तुला सुदीक बोललो नसतो. आता हे असलं करून ठेवलंस तू.

गुंडा : काढताय का मग?

जोतीराम : माळ्यावर चढ.

गुंडा : मी? माझं गुडघं बघितलंसा का? त्या शिडीची एक पायरी ढिली हाय, आक्का ओरडून ओरडून गेली.

रेश्मा : मी चढते. कुठल्या बाजूला ठेवलाय?

जोतीराम : डाव्या अंगाला. गोधड्यांच्या मागं.

रेश्मा : गोधड्यांच्या मागं लपवून ठेवला होता?

जोतीराम : ठेवला होता. दे हिकडं. वाकवू नको. गुंडा, त्या टेबलावरचं समदं बाजूला घे. पट्टी दे. ती न्हवं, लोखंडाची.

रेश्मा : किती मोठी कापायची, जयराजला विचारू का?

जोतीराम : मला ठावं हाय. म्हैनाभर तेच माप डोक्यात फिरतंय. झोपताना मापं, उठताना मापं. हे धर. दाब. हात हलवू नको.

गुंडा : दिसत न्हाईत की वो खरंच. उन्हात तेवढी चमकत्यात.

जोतीराम : दिसत्यात.

गुंडा : बरं, दिसत्यात.

रेश्मा : आण्णा, हे वाळेपर्यंत उशीर होईल. इथून निघून सांगलीला पोचायचंय.

जोतीराम : होऊ दे उशीर. ओल्या सोलुशनवर निघायचं न्हाई. जयराजला सांग, आमचा नंबर शेवटी लाव. आन् माईकवर ते स्मरणार्थ म्हणू नको म्हणावं.

रेश्मा : मग काय म्हणायचं त्यानं?

जोतीराम : पंखावर हाय तेवढं वाच म्हणावं.

गुंडा : फुडं कैलासवासी?

जोतीराम : नको.

गुंडा : सौ. बी न्हाई?

जोतीराम : काय नको. मालन.

रेश्मा : बरं. तसं सांगते. तुम्ही आता दोन घास खाऊन घेता का? मी डबा आणलाय.

जोतीराम : मग. वाळल्यावर आधी फिरवून बघायचं. गुंडा, तू फिरव. माझा खांदा वर जाईना, काल निम्म्यातच दुखायला लागला.

गुंडा : मी? आन् हातातनं सुटलं म्हंजे?

जोतीराम : गोफण कुणी फिरवली जलमभर? जोंधळ्यात मचाणावर उभं ऱ्हाऊन?

गुंडा : आवं, त्यात धोंडा आसायचा. पडला तर पडला. ह्याच्यावर आक्काचं नाव हाय.

जोतीराम : म्हणूनच तुला देतोय. (पाती वाळल्यावर, अंगणात) हितं मधी ये. पाय रोव. रेश्मा, तू पायरीवर हो. आणखी मागं. गुंडा, दोरी मनगटाला एक येढा दे. हळू सुरू कर.

गुंडा : हे बघा, सुरू केलं.

जोतीराम : थोडा जोर लाव. वर ने. डोक्याच्या वर.

गुंडा : काय फुडं हाय? मला मान वळवाय येईना.

रेश्मा : आण्णा? सांगा ना, काय पुढं आहे?

जोतीराम : नाक.

रेश्मा : नक्की?

जोतीराम : नाक फुडं हाय.

गुंडा : मग थांबू का? मला गरगरायला लागलंय गड्या.

जोतीराम : आजून एक येढा फिरव. मला नीट बघू दे.